दोन कागद, पाच मिनिटं

सुगतने अट घातली आणि रुचिराने ती मान्य केली, हेच मुळी रामटेक्यांच्या घरात नवल होतं. या भावंडांचं एकमत शेवटचं कधी झालं होतं, ते दोघांनाही आठवलं नसतं. अट अशी होती: रविवारी सकाळी बाबांचे जुने रेडिओमित्र दिनकरकाका येतील, बाबांच्या पलंगाशी बसतील आणि बाबांचा डावा हात काय सांगतोय ते वाचतील. बाबा इथेच राहायचं म्हणत असतील, तर सुगत एकटा नागपूरला परत जाईल आणि पुन्हा विषय काढणार नाही. जायचं म्हणत असतील, तर लखनौच्या विकास नगरातलं हे घर बंद होईल आणि आई-बाबा दोघंही त्याच्याबरोबर जातील. काकांचा शब्द शेवटचा.

"आणि काका म्हणाले की हात काहीच सांगत नाहीये, तर?" सुगतने विचारलं होतं.

"नहीं कहेंगे," रुचिरा म्हणाली होती. "त्यांना मोर्स येतं, दादा. तुला येत नाही."

हा टोमणा तीस वर्षं जुना होता आणि अजून नेमका लागायचा. बाबा, म्हणजे बबनराव, भंडाऱ्याहून तारखात्यातल्या बदलीवर लखनौला आले, ते बोटांत मोर्स घेऊनच. पुढे तारघरात यंत्रं आली, मग तारच बंद झाली. पण तोवर बबनरावांनी हौशी रेडिओचा परवाना काढून गच्चीवर दोन पाइपांमध्ये तांब्याची तार ताणली होती. रोज सकाळी साडेसातला त्यांचं नेट असायचं. नेट म्हणजे ठरल्या वेळी, ठरल्या जागी हवेत जमणारी वीस-बावीस म्हाताऱ्यांची हजेरी. कोणी इंदूरचा, कोणी कटकचा. प्रत्येकाने आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, सांगायची, हवा-पाणी सांगायचं, सांधेदुखी सांगायची. रुचिरा नऊ वर्षांची असताना जेवणाच्या ताटावर चमच्याने मोर्स शिकली. सुगत शिकला नाही. त्याचं म्हणणं, बाबा जपानशी बोलायचे आणि शाळेतल्या पालकसभेला यायचे नाहीत, त्यात शिकण्यासारखं काय होतं?

सप्टेंबरात बबनरावांना दुसरा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं, की समज फारशी उरलेली नाही, चमत्काराची वाट पाहू नका. डावा हात तेवढा हलत राहिला. दिवसभर, चादरीवर, तर्जनी आणि मधलं बोट. डॉक्टर म्हणाले, तो आपोआप हलतोय. रुचिराने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून मोर्सची की काढली. पितळी पट्टी, लाकडी बैठक. पट्टी दाबली की बझर वाजतो, छोटं दाबलं तर टिंब, लांब दाबलं तर रेघ. ती तिने बाबांच्या डाव्या बोटांखाली सरकवली. बझर वाजला. घरात तीन आठवड्यांनी बाबांचा म्हणून काही आवाज झाला होता.

तेव्हापासून रुचिराची वही चालू होती.

सुगत शनिवारी पोचला. धुक्यामुळे गाडी अकरा तास लेट झाली होती आणि त्याचं डोकं आधीच उठलं होतं. त्याने वही चाळली. पानंच्या पानं टिंबं आणि रेघा, खाली इंग्रजी अक्षरं, काही अक्षरांना लाल गोल.

"हे काय? जी, एच, आर?"

"घर."

"आणि हे?"

"एन, के. नको. पुढे एस, डी, यू. अरे, घर सोडू नको म्हणतायत. बाबा नेहमीच काटछाट करून पाठवायचे, सगळे स्वर कोण पाठवतं?"

"रुची, दोन गोलांच्या मध्ये चाळीस अक्षरं आहेत. त्यांचं काय?"

"हात थकतो त्यांचा. चुकतात."

"डाव्या हाताने कधी केलं होतं त्यांनी?"

"कायम! डाव्याने पाठवायचे, म्हणजे उजव्याने लिहिता यावं. तुला हेही माहीत नाही?"

सुगतला खरंच माहीत नव्हतं. तो वही मिटून बाबांपाशी गेला. बाबा छताकडे बघत होते, तोंडाच्या कडेने लाळ ओघळली होती. त्याने ती रुमालाने पुसली आणि त्याला एकदम इतका राग आला, की कोणावर हे त्याला कळेना. बापाशी भांडायचं राहूनच गेलं होतं. आता हा माणूस भांडायलाही शिल्लक नव्हता, आणि बहीण म्हणत होती की तो रोज चार ओळी बोलतो. तिच्याशी.

*

आई, कमलाबाई, रविवारी पहाटेच उठल्या होत्या. दिनकरराव आगाशे येणार म्हणजे चहा बिनसाखरेचा, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. सुगत बाबांची दाढी करत होता, रुचिरा मोर्सची की पुसत होती. दिनकरराव आल्या आल्या मफलर सोडत सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आले. संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. पत्नी गेल्याला चार. त्यांच्या तोंडून अजून रोज सकाळी साडेसातला बबनरावांची कॉल साइन निघायची. नेट तेच चालवायचे. हाक मारायची, दहा सेकंद थांबायचं आणि पुढच्याकडे वळायचं. तीन महिने हे चाललं होतं आणि कोणीही त्यांना थांबवलं नव्हतं.

"वहिनी, कशा आहात?"

कमलाबाईंनी दार ओढून घेतलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"भाऊजी, तुमाले एक मागतो. नाही नका म्हणू."

"बोला ना."

"आज सांगा का ते जायचं म्हणतात."

दिनकररावांनी मागे वळून बंद दाराकडे पाहिलं.

"मी पडली जी त्यायच्यासंगं. बाथरूममधी, मागच्या पंधरवड्यात. ते खाली, मी वर. अर्धा घंटा तसेच होतो. मग मी सरकत सरकत उठली. कोणाले सांगितलं नाही. ठेवली होती ती बाई छठले बिहारले गेली, आलीच नाही. रुचिरा चारले येते, शाळा सुटल्यावर, आलमबागहून. येते आन् त्या बझरपाशी बसते. तिले दिसत नाही माझी कंबर."

"तिला सांगा की."

"काय सांगू? त्यायनं सांगितलं ना, घर सोडू नको. वहीत लिवलं हाये. आता मी म्हणू का, का तुमचा बाप काय म्हणते ते राहू दे, मले ने म्हणून? पंचेचाळीस वर्षं यायच्याच म्हणण्यानं चालली. आता बोलता येत नाही तरी यायचंच म्हणणं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "सुगतची बायको चांगली हाये. दोन माणसं ठेवतो म्हणाला. भंडाऱ्याले माझी मधुमती हाये, बहीण, ती येऊन बसंल. मी थकली जी, भाऊजी."

चहा उतू गेला. दिनकररावांनीच गॅस बंद केला.

"वहिनी, तुम्हाला काय होतंय ते मला कळतं. पण मी खोटं वाचू शकणार नाही. आयुष्यात नाही वाचलं. आम्हा लोकांचं तेवढंच एक असतं, जे आलं ते उतरवायचं. बबनरावांनीच शिकवलंय मला ते."

"बरं," कमलाबाई म्हणाल्या. पुढे काही मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चहा गाळला आणि दार उघडलं.

*

दिनकररावांनी पद्धत ठरवली, आणि ती तारघराची पद्धत होती. संदेश महत्त्वाचा असला तर दोघांनी उतरवायचा, वेगवेगळा, एकमेकांकडे न बघता. शेवटी कागद जुळवायचे. जुळले तर तार खरी.

"रुचिरा, तू खिडकीकडे तोंड करून बस. मी दाराकडे. सुगत, घड्याळ तू बघ. पाच मिनिटं. आणि बेटा, एक लक्षात ठेव. ऐकताना अर्थ लावायचा नाही. अक्षर आलं की लिहायचं आणि सोडून द्यायचं. ज्याची वाट बघतो ना आपण, त्याची कॉल साइन नुसत्या खरखरीतसुद्धा ऐकू येते. मी स्वतः लिहिल्यात अशा."

"मुझे मालूम है, काका," रुचिरा म्हणाली. तिने खुर्ची खिडकीकडे वळवली.

आधी दिनकररावांनी पलंगाच्या कडेवर बसून की स्वतःच्या बोटांखाली घेतली. त्यांनी बबनरावांची कॉल साइन पाठवली, तीनदा. मग आपली. मग प्रश्नचिन्ह. सप्टेंबरपर्यंतच्या चाळीस वर्षांत या हाकेला उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं. ब्याऐंशी साली सहा महिने रोज बोलणं झाल्यावर ते पहिल्यांदा भेटले, तेव्हा बबनराव हसून म्हणाले होते, "हवेत कोणी आडनाव विचारत नाही, साहेब, म्हणून तर ही हौस." त्याच आठवड्यात दिनकररावांनी त्यांना घरी नेलं आणि दिनकररावांच्या आईने पाहुण्याला चहा वेगळ्या कपात दिला. बबनरावांनी तो पिऊन कप स्वतः विसळून ठेवला. दिनकरराव त्या दिवशी गप्प बसले. पुढे दोघंही त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

बबनरावांचे डोळे छताला होते. दिनकररावांनी की परत त्यांच्या बोटांखाली ठेवली आणि आपल्या खुर्चीवर येऊन डोळे मिटले.

"चला," सुगत म्हणाला.

बझर वाजू लागला.

पहिल्या मिनिटात दिनकररावांनी सगळं लिहिलं. टिंब. टिंब. रेघ. टिंब. मग लांब काही नाही. टिंब टिंब. त्यांची पेन्सिल सवयीने चालत होती, पण कान मात्र पुढच्या आवाजाकडे धावत होते. कारण त्यांनाही हवं होतं. या पोरीपेक्षा कमी नाही. त्यांना वाटत होतं की एक अक्षर यावं, एकच, बबनरावांच्या हाताचं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, कॉल साइन न सांगताही माणूस ओळखू येतो. बबनराव रेघ किंचित ओढायचे, विलंबित लयीत गाणाऱ्यासारखी. ती ओढ ते शोधत राहिले.

तिसऱ्या मिनिटाला त्यांना कळलं. रेघा रेघा नव्हत्या. बोट थकून पट्टीवर पडून राहायचं, तेवढाच तो लांब आवाज. टिंबांमधली अंतरं श्वासाबरोबर कमी-जास्त होत होती. ताप आलेल्या माणसाचे दात वाजतात, तसं हे वाजत होतं. इथे कोणी पाठवत नव्हतं. दिनकररावांनी तरी लिहायचं सोडलं नाही. ई, ई, टी, ई, आय, ई, टी. ज्यांना मोर्समध्ये एकेक-दोनदोन खुणा लागतात, ती सगळ्यात फुटकळ अक्षरं. कागदभर तीच.

रुचिराची पेन्सिल मागे सपासप चालत होती. मध्येच ती थांबून गोल करत होती, तेही ऐकू येत होतं.

"टाइम," सुगत म्हणाला.

कमलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. उभं राहताना त्या एका बाजूला कलत होत्या, आणि हे आज पहिल्यांदाच दिनकररावांना दिसलं.

रुचिराने आपला कागद उलटा करून पुढे केला. "आधी तुम्ही, काका."

दिनकररावांनी आपल्या कागदाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं: इथे कोणी नाही. ते वाक्य ऐकल्यावर ही मुलगी काय करेल? रोज आलमबागहून येऊन ती कोणापाशी बसत होती? आणि ही बाई? खरं सांगितलं तर सुगत म्हणेल, चला, आणि आई-बाबांना न्यायला बघेल. पण रुचिरा शपथेवर सांगेल की काकांना आता नीट ऐकू येत नाही, अट मोडेल, भांडण जुंपेल, आणि त्या भांडणात अजून एक हिवाळा जाईल. कमलाबाई पुन्हा पडतील.

त्यांनी कागदाची घडी घातली, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली.

"जाऊ म्हणतात," ते म्हणाले. "नागपूरला जाऊ."

*

सुगतने आधी श्वास सोडला, मग त्याला शंका आली, मग त्याने ती गिळली. तो जिंकला होता आणि कसा, हे त्याला समजून घ्यायचं नव्हतं. "ठीक है," तो नुसतं म्हणाला. "मी तिकिटांचं बघतो." फोन घेऊन तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ फोन न उघडता तसाच उभा राहिला.

"कागद दाखवा, काका," रुचिरा म्हणाली.

"बेटा..."

"जुळवायचे ठरले होते ना. माझ्याकडे 'नको' आलंय. दोनदा. तुमच्याकडे 'जाऊ' कुठे आलं? कितव्या मिनिटाला?"

दिनकररावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात विनंती होती. रुचिरा ताटावरच्या चमच्यापासून मोर्स शिकलेली होती, अडाणी नव्हती. एकाच खोलीत, एकाच बझरला, एकाला 'नको' आणि दुसऱ्याला 'जाऊ' येत नसतं. यांतला एक खोटा. काका खोटे असतील तर त्यांना कागदावर दुसरं काहीतरी आलंय आणि ते दाखवत नाहीत. 'राहू' आलं असतं, तर त्यांनी दाखवलं असतं. काही म्हणजे काहीही आलं असतं, तरी त्यांनी दाखवलं असतं.

ती हात पुढे करून उभी होती. तो हात तिने हळूहळू खाली घेतला. कागद मागितला तर मिळाला असता, आणि मग तिला तो वाचावा लागला असता.

"हो," ती म्हणाली. "शेवटी... शेवटी होतं तसं काहीतरी. मैंने ग़लत पढ़ा." आणि तिने आपला कागद टराटरा फाडला. तिला रडू आलं नाही. रडण्यासाठी काहीतरी आत्ता घडलेलं असावं लागतं. बाबा सप्टेंबरातच गेले होते आणि सगळं घर तिच्या मागे राहून तिची वाट बघत थांबलं होतं.

कमलाबाई मात्र चौकटीपासून पुढे आल्या होत्या.

"खरंच म्हणाले?" त्यांनी दिनकररावांना विचारलं.

दिनकररावांना वाटलं, त्या आपले आभार मानतायत. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही त मघाशी नाही म्हणाले होते. खोटं वाचत नाही म्हणाले. म्हणजे हे खरं हाये." कमलाबाईंचा चेहरा बघता बघता बदलत गेला. इतक्या वर्षांत असा तो दिनकररावांनी पाहिला नव्हता. "त्यायले समजलं, भाऊजी. मी काही बोलली नाही त्यायच्यापाशी, कंबरेचं, काही नाही. तरी समजलं. पडलो होतो ना दोघं, तवाच समजलं असंल." त्या पलंगाशी गेल्या, वाकल्या, वाकताना कळ आली ती त्यांनी दातांत धरली. "अहो! ऐकलं का? जाऊ आपण. तुम्ही म्हणाले तसं."

बझर वाजत होता. रुचिराने पुढे होऊन बाबांच्या बोटांखालून की काढून घेतली. बोटं चादरीवर हलत राहिली.

"भाऊजी," कमलाबाई वळल्या. आता त्या लाजल्यासारख्या झाल्या होत्या. सत्तरीची बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "अजून काही म्हणाले का?"

"म्हणजे?"

"माझं नाव घेतलं का?"

दिनकरराव गांगरले. नाही म्हणवत नव्हतं. हो म्हणायला शब्द तयार नव्हता, कारण एका खोट्यानंतर दुसरं लागेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी खिशाकडे हात नेला आणि परत आणला. दोन-तीन सेकंदं गेली असतील.

"घेतलं, आई," रुचिरा घाईने म्हणाली. "मी ऐकलं. के, एम, एल. साफ़ था."

"तू राहू दे. तुले 'नको' ऐकू आलं होतं." कमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही सांगा, भाऊजी."

"हो, वहिनी," दिनकरराव म्हणाले. "घेतलं. घेतलं ना."

कमलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला.

"तुमाले खोटं बोलता येत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नसंल घेतलं. पाच मिनिटात किती सांगणार." आणि त्या नवऱ्याची उशी सारखी करू लागल्या.